आजोबा-नातवाची जुगलबंदी: टिपायची कशी, आणि आजोबांना त्यात धरून कसं ठेवायचं?

उंबरठा

घरात ८१ वर्षांचे आजोबा, ४ वर्षांचा नातू, दीड वर्षाची नात. आजोबांच्या दोन्ही कानांत मशीन, तोंडात वरखाली पूर्ण कवळी, हातात काठी. नातू अजून बोबडा. या दोघांचं बोलणं सुरू झालं की बाकीचे हातातलं काम टाकून ऐकत बसतात. नातू एक विचारतो, आजोबा भलतंच उत्तर देतात आणि त्या भलत्या उत्तरावर नातवाचा तिसराच प्रश्न तयार असतो.

हे टिपून ठेवायचंय. पण मोबाइल काढला की आजोबा गप्प, आणि नातू स्क्रीनकडे बघून तोंडं वेंगाडतो. जे थोडंफार रेकॉर्ड झालंय त्यात नुसता गलका, शब्द एकही धड नाही. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे आजोबा कधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात आणि कधी त्याच जातीच्या गमतीवर एकदम पेपर उघडून बसतात. नेमकं बिनसतं कुठे? शिवाय खेळ रंगात आला की धाकटी नेमकी काठीच्या वाटेत.

"घर हसतं-खेळतं ठेवा" छापाचे सल्ले नकोत. काय, कुठे, किती, असं सांगा.

---

रिळं_आणि_फिती

व्हिडिओ तूर्त विसरा, आधी आवाज धरा. अशा संभाषणातली गंमत शब्दांत आणि मधल्या थांब्यात असते. कॅमेरा कुणीतरी धरावा लागतो, त्याला सगळे बुजतात. आवाजासाठी फोन नुसता पडून राहिला तरी चालतो.

फोनमधलं साधं व्हॉइस रेकॉर्डर पुरे. आधी विमान मोड लावा, कारण मध्येच कॉल आला की बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच तुटतं. मुख्य माइक बहुतेक फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड बोलणाऱ्यांकडे करा. फोन उघड्या टेबलावर ठेवू नका. टेबलावर आपटलेली प्रत्येक गाडी रेकॉर्डिंगमध्ये तोफेसारखी वाजते. खाली चार पदरी घडी घातलेला रुमाल ठेवा. दोघांपासून ३० ते ५० सेंटीमीटर अंतर उत्तम. एक मीटरच्या पुढे गेलात की खोलीचा घुमाराच जास्त येतो, आणि तुमचा 'गलका' बहुधा हाच आहे. फोन मधोमध ठेवायची गरज नाही, ज्याचा आवाज बारीक त्याच्या बाजूला सरकवा. टीव्ही बंद. पंख्याचा झोत फोनवर येत असेल तर पंखाही बंद किंवा फोनची जागा बदला. वारा माइकवर आपटला की फडफड होते आणि ती नंतर कुठल्याही अ‍ॅपने नीट निघत नाही.

सगळ्यांत जास्त रेकॉर्डिंगं वाया जातात ती उशिरा बटण दाबल्यामुळे. हशा ऐकू आल्यावर धावलात तर फाइलमध्ये फक्त हशाच येणार. म्हणून दिवसातली एक ठरलेली वेळ धरा, वीसेक मिनिटं आधीपासून चालू ठेवा आणि त्याच रात्री नको ते पुसा. रेकॉर्डरमध्ये आवाजाचा दर्जा १२८ केबीपीएस ठेवला तर मिनिटाला साधारण १ एमबी लागते, म्हणजे वीस मिनिटांचे २० एमबी. न दाबलेली वेव्ह फाइल घेतलीत तर मिनिटाला १० एमबीच्या घरात. तुलनेला, १०८० पी व्हिडिओ मिनिटाला ६० ते १३० एमबी खातो.

व्हिडिओ हवाच असेल तर मागचा कॅमेरा वापरा. पुढच्या कॅमेऱ्यात मुलाला स्वतःचं तोंड दिसतं, ते दिसलं की कुठलंही मूल ते वेंगाडणारच. फोन स्टँडवर, आडवा, जमिनीपासून साधारण एक मीटरवर. ४ वर्षांच्या मुलाचा चेहरा आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा या उंचीच्या आसपास येतात. खिडकी फोनच्या पाठीमागे हवी, माणसांच्या पाठीमागे नको. झूम करू नका. लेन्स पुसा, लहान मुलांच्या घरात धूसर व्हिडिओचं पहिलं कारण बोटांचे ठसे. स्टँड आधी आठवडाभर नुसताच उभा राहू द्या, मग त्याच्याकडे कुणी बघत नाही.

"परत म्हण ना, रेकॉर्ड करते" हे कधीही म्हणू नका. दुसऱ्यांदा म्हटलेलं वाक्य नाटकातलं असतं, आणि मूल लगेच ओळखतं की या वाक्याला भाव आहे. पुढचा महिनाभर तेच ऐकावं लागेल.

आणि लपूनछपून नको. आजोबांना एकदा स्पष्ट सांगा: या वेळेला फोन इथे असतो, तुम्ही म्हणाल ते पुसलं जाईल. कळल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते जरा सभेत बोलल्यासारखं बोलतील, मग विसरतील.

---

कानोसा

पेपर का उघडला जातो याचं उत्तर बहुतेक वेळा कानात सापडतं, स्वभावात नाही.

वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक, तीक्ष्ण आवाज. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस, ते टिकतात. स, श, फ, थ, ट, क ही व्यंजनं हलकी, ती गळतात. म्हणून आवाज येतो पण शब्द येत नाही. 'शाल' घ्या. 'श' गळला की उरतं नुसतं 'आल', पुढचं अक्षर डोकं अंदाजाने भरतं: पाल, साल, चाल, काल. नातू ओरडतो, "आजोबा, शाल पडली!" आणि आजोबा दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन छताकडे बघतात. 'फूल'चं 'मूल' होतं, 'टप'चा 'कप' होतो. त्यात नातू बोबडा, म्हणजे 'र'चा 'ल' आणि 'क'चा 'त' आधीच झालेला. अर्धा शब्द तोंडातून निघतानाच हरवला, उरलेला कानात शिरताना. तुमच्या घरातला विनोद इथे तयार होतो.

आता बिनसतं कुठे ते. पाच मोठी माणसं एकदम हसली की तो हशा हाच त्या खोलीतला सगळ्यांत मोठा आवाज. मशीन सगळेच आवाज वाढवतं, आणि शेजारच्या हशातून नातवाचं पुढचं वाक्य वेगळं काढणं त्याला जमत नाही. आजोबांना पाल ऐकू आली, पाय वर घेतले, सगळे हसले, आणि मग कुणीच काही सांगितलं नाही. त्यांच्यापर्यंत फक्त हसू पोचलं, विनोद पोचलाच नाही. ज्या दिवशी पोचतो त्या दिवशी ते तुमच्याहून जास्त हसतात.

उपाय एका वाक्याचा आहे आणि तो लगेच, त्यांच्या समोर जाऊन करायचा: "तो म्हणाला शाल, तुम्ही ऐकलंत पाल." बस. "काही नाही, असंच" हे उत्तर घरातून हद्दपार करा. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्याहून लागणारं दुसरं वाक्य नाही.

खोटं हसू ओळखायला शिका. न ऐकताच हसणारा माणूस अर्धा क्षण उशिरा हसतो आणि हसताना बोलणाऱ्याकडे न बघता बाकीच्यांच्या तोंडाकडे बघतो. असं दिसलं की समजा, वाक्य निसटलंय.

नातवाला चार पायऱ्यांचा खेळ शिकवा: आजोबांच्या पुढ्यात ये, गुडघ्याला हात लाव, "आजोबा" म्हण, त्यांनी बघितलं की मग बोल. ४ वर्षांच्या मुलाला हे जमतं, खेळ म्हणून सांगितलं तर आवडतंही. पुढ्यात येण्याचे दोन फायदे. ओठ दिसतात, आणि अंतर घटतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. २ मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलं की १२. घरात भिंतींमुळे इतका नेमका हिशोब राहत नाही, पण फरक मोठाच पडतो. ओरडून मात्र भागत नाही. ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, वर आवाज कानाला टोचतो.

एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा म्हणू नका, शब्द बदला. "शाल पडली"ऐवजी "तुमची पांघरायची शाल खाली पडली". जास्त शब्द म्हणजे अंदाजाला जास्त आधार.

मिठी मारली की मशीन शिट्टी मारतं, आणि मुलांना यासारखी दुसरी गंमत नाही. कानाशी डोकं किंवा हात आला की बाहेर आलेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, म्हणून ती वाजते. तेवढ्यापुरती चालेल. मिठी नसतानाही वाजत असेल तर मशीनचा कानात बसणारा साचा सैल झालाय, नीट बसलेला नाही, किंवा कानात मळ आहे. मळ घरी काडीने काढू नका, तो आत जातो.

काही मशीनांना जोडता येणारा छोटा वेगळा माइक मिळतो, तो नातवाच्या कॉलरला लावता येतो. पुढच्या तपासणीला विचारून बघा. दोघांसाठी रेकॉर्डरपेक्षा तो जास्त कामाचा ठरेल.

---

बोबडकांदा

कानोसा यांनी कानाची बाजू सांगितली, आता मुलांची. दीड आणि चार या वयांचा विनोद एकच नसतो, त्यामुळे एकाच खेळात दोघं क्वचितच हसतात.

दीड वर्षाच्या मुलीला हसू येतं ते अंगाच्या आणि वस्तूंच्या गमतीला. रुमालाआड तोंड लपवून 'भ्यॉ', डोक्यावर मोजा, आजोबांनी चमच्याने केस विंचरल्याचं नाटक. आजोबा खुर्चीतून न उठता हे सगळं करू शकतात. एक नियम: लपवलेलं तोंड दोन-तीन सेकंदांत परत दिसलं पाहिजे, लांबलं की हसण्याचं रडणं होतं. आणि तोंडातून कवळी काढून दाखवणं दीड वर्षाच्या मुलीसमोर नको. चार वर्षांच्याला ती जादू वाटते, दीडच्या मुलीला आजोबांचं तोंड मोडल्यासारखं वाटू शकतं.

चारच्या आसपास मुलाला कळायला लागतं की दुसऱ्याच्या डोक्यात आपल्याहून वेगळं, चुकीचंसुद्धा काही असू शकतं. तीन वर्षांचं मूल पडद्यामागे लपतं, पाय बाहेर, आणि "कुठेय?" म्हटलं की "इथे!" असं उत्तर देतं. चार-साडेचारला ते गप्प राहायला शिकतं आणि आजोबा फसले याची मजा घेतं. म्हणून या वयात आजोबांनी मुद्दाम चुकणं ही खरी खाण आहे. चष्मा कपाळावर आणि "माझा चष्मा कुणी नेला?" पुस्तक उलटं धरून वाचणं. मोजताना "पाच, सहा, नऊ". मूल उसळून दुरुस्ती करतं, आजोबा ऐकतच नाहीत. इथे आजोबा विनोदाचे मालक असतात, गिऱ्हाईक नव्हे, आणि पेपर उघडायची वेळच येत नाही. शाल-पालसुद्धा दुसऱ्या दिवशी आजोबांनी मुद्दाम ऐकली तर डाव त्यांचा होतो.

उपरोध मात्र या वयाला कळत नाही. "फार शहाणा आहेस हो!" हे नातू कौतुक म्हणून घेईल. "मस्ती केलीस तर विकून टाकीन" यावर घर हसतं, मूल रात्री झोपताना विचारतं की कुणाला विकणार. चिडवायचंच तर अशक्य गोष्टीने चिडवा: "तुझ्या नाकातून हत्ती निघाला." शू-शीचे विनोद चार ते सहात उफाळतात, दचकून मोठी प्रतिक्रिया दिलीत की त्यांना खतपाणी. शब्दांचे दोन अर्थ, कोडी, उखाण्यासारखी गंमत साधारण सहा-सातनंतर. त्याआधी नातू कोडं घालतो तेव्हा त्याला उत्तर नसतं, फक्त कोड्याची चाल असते. उत्तर काहीही आलं तरी दोघांनी हसायचं, एवढंच त्यात अपेक्षित आहे.

एक विनोद दहादा सांगायची हौस मुलाला असते, ८१व्या वर्षी दम नसतो. चौथ्या-पाचव्या वेळी आजोबांनी एकच गोष्ट बदलावी, मोज्याऐवजी टोपी. मूल नवं म्हणून परत हसतं आणि तिथे थांबवता येतं.

बोबडं बोलणं दुरुस्त करायला बसू नका, त्याची नक्कलही करू नका. "मी चित्र करलं" म्हणाला तर "हो, छान केलंस" एवढं पुरे; बरोबर रूप कानावर पडलं, बोलणं तुटलं नाही. करलं, देलं, जालो ही रूपं म्हणजे मुलाने नियम शिकल्याची खूण आहे, अपवाद तेवढे राहिलेत. पण ४ वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला बहुतांश कळायला हवं. तसं नसेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा, आणि त्याचेही कान तपासा.

---

टेकू

मी फक्त पडण्या-गिळण्याबद्दल लिहितो. वर कुणी त्याला हात लावला नाही, आणि तुमच्या घरात धोक्याच्या वस्तू नेमक्या आजोबांच्या आहेत.

पहिला नंबर मशीनच्या सेलचा. चण्याएवढे, चकचकीत, आणि दर आठ-दहा दिवसांनी बदलले जाणारे. बदललेला जुना सेल टेबलावर राहतो आणि धाकटीच्या तोंडात, नाकात किंवा कानात जातो. सेल बदलायचा तो उंच जागी, जुना लगेच झाकणाच्या डबीत. रिमोट आणि वजनकाट्यातले मोठे, नाण्याएवढे लिथियम सेल याहून घातक. अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. नाका-कानात गेला तरी तसंच.

दुसरा, गोळ्यांचा आठवड्याचा डबा. तो आजोबांच्या बोटांना सहज उघडावा म्हणून बनवलेला असतो, म्हणजे नातवालाही सहज उघडतो. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाच्या काही गोळ्या लहान मुलाला एक-दोनमध्येही जिवावर बेतू शकतात. डबा कडीच्या कपाटात. शर्टाच्या खिशात, उशाखाली नको. गोळीला "खाऊ" म्हणायची गंमत बंद.

कवळी रात्री साध्या पाण्यात, झाकणाच्या डब्यात. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. धुताना खाली पाणी भरलेलं भांडं किंवा ओला टॉवेल, हातातून सटकली तर तुटत नाही. स्वच्छतेच्या गोळ्या मुलांपासून लांब. "आजोबांचे दात रात्री पोहायला जातात" ही गोष्ट खुशाल सांगा, पण डब्याला हात लावायचा नाही ही तिची दुसरी ओळ असू द्या. जोरात हसताना खालची कवळी उडते, कारण वरचीला टाळूवर चिकटायला मोठी जागा मिळते, खालचीला ती नसते. कधीतरी उडाली तर हसून सोडा. रोज उडत असेल तर हिरडीखालचं हाड झिजलेलं असू शकतं, दंतवैद्याकडून नीट बसवून घ्या.

काठी हा मुलाच्या मते घोडा असतो. त्यावर भांडण नको, त्याला स्वतःची हलकी काठी द्या. आजोबांच्या काठीचं खालचं रबर महिन्यातून एकदा उलटून बघा; नक्षी गुळगुळीत झाली की बदला. उंचीही तपासा: सरळ उभं राहून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यावी.

खेळणी जमिनीवर पसरू देऊ नका, विशेषतः आजोबांचा चष्मा दुहेरी काचेचा असेल तर. खाली बघताना नजर वाचायच्या काचेतून जाते आणि पायाजवळची गाडी धूसर दिसते. खेळासाठी एक सतरंजी, तिच्या बाहेर खेळणं नाही, आणि ती आजोबांच्या खुर्चीपासून संडासापर्यंतच्या वाटेवर नाही.

उचलून घेणं बंद. दीड वर्षाची मुलगी दहा किलोच्या आसपास, चार वर्षांचा मुलगा पंधरा-सोळा. आजोबा हाताच्या खुर्चीत बसतील, मूल चढून मांडीवर येईल. पाठीवर घोडा तर नाहीच. बराच वेळ बसून, विशेषतः जेवणानंतर, एकदम उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. आधी पाय हलवायचे, मिनिटभर कडेला बसायचं, मग उठायचं. त्या मिनिटात धाकटीला कुणीतरी धरायचं.

घास तोंडात असताना हसवायचं नाही, ना आजोबांना ना मुलांना. आणि हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो: या वयात जोरात हसताना कधी लघवी निसटू शकते. खेळाआधी जाऊन यावं. निसटली तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग पुसावं, चर्चा नको. वारंवार होत असेल तर त्यावर उपचार आहेत.

---

उंबरठा

शाल-पालचं गणित डोक्यात बसलं. अजून एक. आजोबा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, आणि नातू ताडकन म्हणतो, "हे सांगितलंय!" कधी ते नातवाला त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारतात, तो ओरडतो, "मी बाबा नाही!" बाकीचे हसतात. हसावं की नाही?

---

जुनी_वही

गोष्ट परत सांगितली तर बिघडत नाही, उलट या वयाच्या मुलाला पुनरावृत्तीच आवडते. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच त्याची मजा असते. त्याला फक्त काम हवं. "हे सांगितलंय"ऐवजी त्याला शेवटची ओळ द्या. आजोबा गोष्ट शेवटापर्यंत आणतील, शेवट नातू म्हणेल. गोष्टीतले आवाज, दार वाजणं, गाडीचा भोंगा, हेही त्याच्याकडे. मग तोच म्हणेल, ती परत सांगा.

नावाच्या गोंधळात नातवाला एवढंच शिकवा: आपलं नाव सांगायचं आणि पुढे बोलायचं. कुटुंबातली नावं एकमेकांना लावणं सगळ्याच वयात होतं, त्यात हसायला हरकत नाही. मात्र "मी कोण, ओळखा बघू?" ही परीक्षा मोठ्यांनी घेऊ नये. ती चुकली तर अपमान, बरोबर आली तरी अपमान.

लक्ष कुठे द्यायचं ते वेगळं. काही मिनिटांत तोच प्रश्न परत येणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, पैशांचे हिशोब अडायला लागणं, हे हळूहळू वाढत असेल तर डॉक्टरांकडे न्या. त्याआधी किंवा त्यासोबत कान तपासा. न ऐकलेली गोष्ट विसरल्यासारखी दिसते. आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम गोंधळ, गुंगी, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर ते विसरणं नव्हे. संसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध यांपैकी काही असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

स्मरणशक्ती खरंच उतरत असेल तर खेळ सकाळी ठेवा, संध्याकाळी अनेकांची चिडचिड वाढते. प्रसंग विसरला तरी त्यातून आलेलं बरं वाटणं बराच वेळ टिकतं, त्यामुळे "त्यांना उद्या आठवणार नाही" म्हणून खेळ कापू नका.

---

बोबडकांदा

टेकू आजोबांना खुर्चीतच बसवतात, त्या एका गोष्टीशी सहमत नाही. जमिनीवर बसणं पूर्ण बंद केलं की आजोबा उठायची सवयही घालवतात. जे आजही आपले आपण उठतात त्यांनी बसावं, शेजारी न सरकणारी भक्कम खुर्ची हवी.

---

टेकू

आपले आपण उठत असतील तर हो. इथे काठी आहे, म्हणून आधी कुणीतरी शेजारी उभं राहून एकदा बघावं. पाठीवरच्या घोड्याला माझा नकार कायम.

---

रिळं_आणि_फिती

रेकॉर्डिंगसोबत वही ठेवाच, कारण सगळं फोनपुढे घडत नाही. पानाचे दोन भाग करा: डावीकडे 'म्हटलं', उजवीकडे 'ऐकलं'. वर तारीख आणि मुलाचं वय वर्ष-महिन्यांत. त्याच दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी तुम्ही नकळत वाक्य सुधारून लिहिता. बोबडा उच्चार जसाच्या तसा. देवनागरीत तो अक्षरशः उतरतो, याचा फायदा घ्या. आधीचं वाक्य लिहायला विसरू नका. नुसतं "मग पाल कुठेय?" हे वर्षभराने कुणालाच हसवणार नाही. "नातू फार हसला" वगैरे टिपण्या नकोत.

फाइलला नाव देताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि पुढे दोन शब्द, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. तीन प्रती: फोनवर, वेगळ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. नातेवाइकांना व्हिडिओ पाठवताना मेसेजिंग अ‍ॅपमध्ये 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि शब्द परत गलक्यात जातात. कवळी, लघवी, विसरणं यांतलं काहीही आजोबांना विचारल्याशिवाय घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

महिन्याची पानं मोठ्या अक्षरात, १८ पॉइंट किंवा वर, छापून आजोबांच्या हातात द्या, सोबत पेन. कानातून निसटलेलं त्यांना डोळ्यांनी मिळतं, आणि 'ऐकलं'च्या रकान्यात ते स्वतः दुरुस्त्या करतात. त्या खोडू नका, चूक असल्या तरी.